तात्पर्य कोण सांगते? स्पायडरमॅनच्या एका वाक्याचा इतिहास

सुपरहिरोंच्या कथांतून माणसाने काय शिकावे, या विषयावर लिहिणारे बहुतेक जण शेवटी एका वाक्यापाशी येऊन थांबतात. मोठे सामर्थ्य हाती आले की त्याच्यासोबत मोठी जबाबदारीही येते, असा त्या वाक्याचा आशय. स्पायडरमॅनच्या बेनकाकांनी मरणापूर्वी पुतण्याला केलेला हा उपदेश, अशी आज सार्वत्रिक समजूत आहे. मूळ कथेत मात्र बेनकाका हे वाक्य उच्चारत नाहीत. एका तपशिलाची चूक म्हणून हे सोडून देता आले असते. पण वाक्य कोणाच्या मुखी आहे यावर कथेचा अर्थ ठरतो, म्हणून त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मूळ कथा 'अमेझिंग फॅन्टसी' या मासिकाच्या १५ व्या अंकात आली. अंकावर ऑगस्ट १९६२ ही तारीख आहे. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिटको यांची, पाने अवघी ११. मासिकाचा तो शेवटचाच अंक ठरला. वर्गमित्रांच्या थट्टेचा विषय झालेला पीटर पार्कर किरणोत्सारी कोळी चावल्यामुळे शक्तिमान होतो आणि त्या शक्तीचे पहिले काम म्हणून पैसा आणि प्रसिद्धी मिळवू लागतो. दूरचित्रवाणीच्या इमारतीत एक चोर त्याच्यासमोरून पळतो. पोलीस ओरडतो, पण पीटर हात बांधून उभा राहतो. चोर पकडणे हे आपले काम नव्हे, असे त्याचे म्हणणे. पुढे घरात शिरलेला चोर बेनकाकांना ठार करतो. पीटर त्या खुन्याला गाठतो, त्याचा चेहरा पाहतो, आणि हा तोच, हे त्याला कळते. शेवटच्या चौकटीत तो अंधाऱ्या रस्त्यावरून एकटा चालत जातो. वर निवेदकाच्या जागेत ते प्रसिद्ध वाक्य आहे.

म्हणजे ते आले आहे ते इसापनीतीतल्या 'तात्पर्या'च्या जागी. मराठी वाचकाला ही जागा सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या काळापासून परिचित आहे. गोष्ट घडून गेल्यावर ती सांगणारा बोलतो. गोष्टीतल्या कोल्ह्याला वा कावळ्याला ते ऐकू येत नाही. १९६२ चा पीटरही ते ऐकत नाही. त्याला धडा मिळतो तो वाक्यातून मिळत नाही, त्या चेहऱ्यातून मिळतो. डिटकोंनी तिथे ओळख पटण्याच्या क्षणावरच सारा भर दिला आहे.

त्या काळातले बंधन ध्यानात घेतले की या कथेचे वेगळेपण अधिक जाणवते. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे कॉमिक्सवर घणाघाती टीका करणारे पुस्तक १९५४ साली निघाले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक कथेत दुष्टाचा पराभव झाला पाहिजे, गुन्हेगाराला शासन झाले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. नीतिबोध असा नियमाने मागितला जात होता. स्पायडरमॅनच्या कथेत चोर पकडला जातो, म्हणजे संहितेचे समाधान होते. परंतु वाचकाच्या लेखी खरा अपराधी मोकळाच राहतो, कारण तो स्वतः नायक आहे. त्याने वाईट काही केलेले नाही. त्याने काहीच केलेले नाही, आणि हाच त्याचा अपराध.

इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आलेल्या वेताळाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. ली फॉक यांच्या या नायकाचा (१९३६) धर्म वारशाने आलेला आहे. पूर्वजाने कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ पिढ्यान्‌पिढ्या चालते. वेताळाला ती केवळ पाळायची असते. पीटरच्या पाठीशी अशी परंपरा नाही. त्याचे व्रत अपराधातून जन्मलेले आहे.

पुढील दशकांत ते वाक्य हळूहळू निवेदकाकडून निसटून काकांकडे गेले, आणि सॅम रायमी यांच्या २००२ च्या चित्रपटाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तिथे मोटारीत बसलेले काका पीटरला ते ऐकवतात, पीटर त्यांना दुखावणारे उत्तर देतो आणि उतरून जातो. प्रसंग प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु पीटरचा अपराध आता निराळा झाला: त्याने वडीलधाऱ्यांचे ऐकले नाही! शिवाय चित्रपटात कुस्तीचा आयोजक त्याचे पैसे बुडवतो आणि म्हणून पीटर चोराला जाऊ देतो. म्हणजे त्याला निमित्तही मिळाले. १९६२ च्या पीटरला असे कोणतेही निमित्त नव्हते. माझ्या मते मूळ कथा अधिक कठोर आहे आणि म्हणूनच अधिक प्रामाणिक. २०२१ च्या चित्रपटात हेच वाक्य मेकाकूच्या तोंडी गेले. वाक्य फिरत राहिले, पण कोणी ना कोणी वडीलधारे माणूस ते सांगणार, हे मात्र आता ठरून गेले.

याला एक चमत्कारिक अपवाद आहे तो न्यायालयाचा. कोळ्याच्या जाळ्यासारखा फेस फेकणाऱ्या खेळण्याच्या पेटंटवरून मार्व्हलविरुद्ध चाललेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला. स्वतःचे जुने निर्णय बदलण्याचा अधिकार न्यायालयाने जपून वापरावा, हे सांगताना न्यायमूर्ती एलेना केगन यांनी तेच वाक्य उद्धृत केले आणि संदर्भ दिला तो ली, डिटको आणि १९६२ च्या अंकाचा. काकांचे नाव त्यात नाही.

२००४ साली निघालेल्या भारतीय स्पायडरमॅनकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. त्याचा नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईला आलेला, धोतर नेसणारा. त्याला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. हे सारे थोडे दिखाऊ आहे हे खरे. पण काकांचा मृत्यू इथे ज्या रीतीने घडतो तो बदल विचार करण्याजोगा आहे. गुंडांनी घेरलेल्या एका स्त्रीला मदत न करता पवित्र निघून जातो. भीमकाका तिला वाचवायला जातात आणि मारले जातात. अमेरिकेतले काका पुतण्याच्या उदासीनतेचे बळी होते. इथले काका पुतण्याने टाळलेले काम स्वतः करायला गेले, आणि तेही कोणतीही शक्ती नसताना.

या वाक्याची सर्वांत कडक परीक्षा मात्र जून १९७३ च्या १२१ व्या अंकात झाली. लेखक जेरी कॉन्वे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली फेकतो. पीटर या खेपेस हात बांधून उभा राहत नाही. तो जाळे फेकतो, तिचे पाय पकडतो, आणि वर ओढताना स्वतःवरच खूश होतो. तिच्या मानेजवळ मात्र एक बारीकसा ध्वनिदर्शक शब्द छापलेला आहे. झटक्याने तिची मान मोडली, असा खुलासा पुढे मासिकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांकडून झाला. जबाबदारी ओळखून, वेळेवर, सर्व शक्तीनिशी केलेली कृतीच घातक ठरली. निवेदकाच्या वाक्यात याला उत्तर नाही. १९६२ साली हा प्रश्नच पुढे आला नव्हता.

पुढच्याच अंकाच्या अखेरीस मेरी जेन शोकाकुल पीटरजवळ येते. तो तिला टाकून बोलतो, निघून जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते, घुटमळते, आणि बाहेर न पडता दार आतून लावून घेते. त्या चौकटींत निवेदक काही सांगत नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा आहे.