भाज्याचे थेर, बेडशाचा शिष्य

मळवलीहून भाजे लेण्यांत आलेली मंडळी चैत्यगृह पाहतात आणि थेट टोकाच्या सूर्यलेण्याकडे वळतात. वाटेत चौदा दगडी स्तूप दाटीने उभे आहेत: पाच कड्याच्या आत, नऊ बाहेर. पूजेचा स्तूप तर चैत्यात आहेच. मग हे कोणासाठी?

तिघांचे उत्तर ब्राह्मी अक्षरांत आहे. थेर (म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) भदंत अंपिनिक यांचा स्तूप. तसाच धम्मगिरी यांचा. तसाच संघदिन यांचा. बस्स. राजा नाही, वर्ष नाही, खर्च कोणी केला तेही नाही. याच लेण्यांत पाण्याची पोढी खोदवणारा महारठी विण्हुदत स्वतःला कोसिकीपुत म्हणवून आईकडची ओळखही नोंदवतो. पुण्य आपल्या खात्यावर पडावे ही दात्याची रीत. स्तूप उभारणाऱ्यांनी ती पाळली नाही. म्हणून हे काम कोणा उपासकाचे नसून संघानेच आपल्या वडीलधाऱ्यांसाठी केलेले असावे, असे मला वाटते.

आत अस्थी होत्या का? स्तूप डोंगरातच कोरलेले, पण दोघांच्या माथ्यावर अवशेषपेटी आहे. थेरांच्या अस्थी नावानिशी जपण्याची चाल तर सिद्धच आहे: १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांचीचा दुसरा स्तूप उघडला, तेव्हा आचार्यांची नावे कोरलेल्या पेट्या निघाल्या. भाज्याचे लेख त्याच चालीतले मानायला हरकत नाही.

पवन मावळातल्या बेडशाचा लेख जास्त बोलका आहे. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये तो इतर लेण्यांच्या लेखांबरोबर छापला. मारकुडावर राहणारे, आरण्यक, पिंडपातिक अशा गोभूतींचा हा स्तूप. करविला त्यांचा शिष्य असाळमित याने. आरण्यक म्हणजे वस्तीबाहेर रानात राहणारा, पिंडपातिक म्हणजे दारोदार मिळेल त्या भिक्षेवर जगणारा. तेरा धुतांगांपैकी ही दोन व्रते, ऐच्छिक आणि कडक. विहाराचे छप्पर आणि बसल्या जागी मिळणारे जेवण ज्याने नाकारले, त्याची आठवण शेवटी विहाराच्याच कातळात कोरली गेली. गुरूंना ती रुचली असती का, कोण जाणे. शिष्याने विचारले नसावे. मारकुड हे याच डोंगराचे नाव असेल, तर गुरू इथल्याच रानात राहत होते. नसेल, तर त्यांचा स्तूप त्यांच्या नव्हे, असाळमिताच्या मुक्कामी उभा आहे.