आयएसएन

‘बॅबिलॉन ५’ या अमेरिकी विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेतील (१९९४–९८) काल्पनिक आंतरतारकीय वृत्तवाहिनी. मालिकेचे निर्माते व प्रमुख लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की (पहा : स्ट्रॅझिन्स्की, जे. मायकेल). कथाकाळ तेविसाव्या शतकाचा असून पृथ्वीवरील घडामोडी ‘बॅबिलॉन ५’ या अवकाशस्थानकापर्यंत मुख्यतः या वाहिनीमार्फत पोहोचतात. ‘अँड नाउ फॉर अ वर्ड’ (१९९५) हा संपूर्ण भाग वाहिनीच्या वृत्तपटाच्या रूपात आहे. त्यातील साय कोअर या टेलिपाथांच्या संघटनेच्या जाहिरातीत एक छुपा संदेश क्षणभर झळकतो (पहा : साय कोअर). ‘सेव्हर्ड ड्रीम्स’मध्ये (१९९६, ह्यूगो पुरस्कार १९९७) पृथ्वीचा राष्ट्राध्यक्ष क्लार्क याचे सैन्य वाहिनीचा ताबा घेते आणि थेट प्रक्षेपण चालू असतानाच तुटते. पुढे ती सरकारी प्रचारयंत्रणा बनते. ‘दि इल्यूजन ऑफ ट्रुथ’ (१९९७) या भागात ही प्रक्रिया उलगडून दाखवली आहे : स्थानकावर खरोखर चित्रित झालेल्या मुलाखतींची काटछाट करून, प्रश्न बदलून व निवेदन जोडून स्थानकाचा प्रमुख कॅप्टन शेरिडन परग्रहवासीयांच्या प्रभावाखाली असल्याचे भासवले जाते. प्रेक्षकाने मूळ प्रसंग आधी पाहिलेले असल्याने फेरफार त्याला थेट पडताळता येतो. विज्ञानकथेतील माध्यमचित्रणात हा भाग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो (पहा : प्रचारतंत्र). क्लार्कची राजवट कोसळल्यावर वाहिनीचे स्वतंत्र प्रक्षेपण पुन्हा सुरू होते.