पोषणताण, वनस्पतींमधील

जमिनीत नत्र, स्फुरद, लोह अशी द्रव्ये अपुरी असली, किंवा असूनही मुळांच्या हाती लागत नसली, की वनस्पतीवर येणारा ताण. नत्राची उणीव भासल्यास ते जुन्या पानांतून कोवळ्या पानांकडे हलवले जाते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह फारसे हलत नाही. तेथे शेंडाच फिकटतो. स्फुरदासाठी मूलरोम वाढतात, मुळे सेंद्रिय आम्ले सोडतात.

मुलुंडच्या पश्चिमेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात साग पानगळीपूर्वी पानांतले बरेचसे नत्र परत ओढून घेतो. खैराच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतले नत्र पुरवतात. मोबदल्यात त्यांना साखर द्यावी लागते, हे विसरले जाते.

सर्वांत नवलाची तऱ्हा साताऱ्याजवळच्या कास पठारावर दिसते. जांभ्यावरील पातळ माती पावसात धुऊन निघते. तिथे सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) ही वनस्पती इवल्या फुग्यांत सूक्ष्मजीव खेचते, तेही साधारण एका मिलिसेकंदात. दवबिंदू (ड्रॉसेरा) चिकट केसांनी कीटक धरते. दोघींना ‘मांसाहारी’ म्हणणे थोडे फसवे आहे: अन्न त्या उन्हातच बनवतात, शिकारीतून हवे असते ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद.