मोजण्यासाठी काढलेले सिनेमे

आज ज्या फिल्म्सबद्दल बोलायचंय, त्यांचे तुकडे तुम्ही मोबाईलवर नक्की पाहिले असणार. वाळवंटात उठणारा भूछत्रासारखा ढग. रॉकेटपासून सुटून पृथ्वीकडे पडत जाणारं ते गोल कडं. मागे कुठलंतरी म्युझिक लावलेलं असतं, आपण दोन सेकंद बघतो आणि पुढे जातो.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याचशा फिल्म्स लोकांनी बघाव्यात म्हणून काढलेल्याच नव्हत्या. त्या मोजण्यासाठी होत्या. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: कॅमेरा हा सेन्सर आणि रीळ ही लॉग फाइल.

सुरुवात करूया 16 जुलै 1945 पासून. अमेरिकेतलं न्यू मेक्सिको, ट्रिनिटी, जगातला पहिला अणुस्फोट. तिथे पन्नासहून जास्त कॅमेरे लावले होते आणि ते काम बर्लिन ब्रिक्सनर या फोटोग्राफरकडे होतं. काही कॅमेरे सेकंदाला हजारो फ्रेम्स घेत होते. स्फोटाचे सुरुवातीचे फोटो पुढे प्रसिद्ध झाले. त्यावर वेळही छापलेली होती आणि अंतराची पट्टीही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी त्या फोटोंवरून गोळ्याची त्रिज्या कशी वाढत गेली ते मोजलं, हवेची घनता धरली आणि बॉम्बची ताकद काढली. उत्तर आलं साधारण 17 किलोटन. नंतरच्या मोजणीत हा आकडा 20 ते 25 च्या घरात गेला. नुसत्या फोटोंवरून एवढं जवळ पोचणं म्हणजे कमालच आहे!

पण या गणितात एक गोम आहे. ऊर्जा त्रिज्येच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. म्हणजे त्रिज्या मोजताना 5 टक्के चुकलात, तर उत्तर साधारण 28 टक्क्यांनी चुकणार. शिवाय कॅमेऱ्याचा वेग नक्की किती होता हेही अचूक माहीत हवं.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अंतराळाकडे वळू. तिथला कॅमेराही आधी शस्त्रावर बसूनच वर गेला. 24 ऑक्टोबर 1946 ला जर्मनांकडून मिळालेलं व्ही-2 क्षेपणास्त्र न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्सहून सुमारे 105 किलोमीटर उंच गेलं. आतला 35 मिलिमीटरचा कॅमेरा दर दीड सेकंदाला एक फ्रेम घेत होता. रॉकेट जमिनीवर आपटून चक्काचूर झालं, पण फिल्म पोलादी डब्यात होती म्हणून वाचली. अंतराळातून पृथ्वीचे पहिले फोटो मिळाले ते असे.

माणूस वर गेला तोही क्षेपणास्त्रांच्याच पाठीवर. गागारिनचं रॉकेट आर-7 या क्षेपणास्त्रापासून बनलेलं, ॲलन शेपर्डचं रेडस्टोनपासून, जॉन ग्लेनचं ॲटलासपासून. शेपर्डच्या यानात एक कॅमेरा थेट त्याच्या चेहऱ्यावर रोखलेला होता. का? तर प्रवासात माणसाचं काय होतं ते तपासायला. चेहरासुद्धा डेटाच!

आणि ते पडणारं कडं? बरेच जण ते अपोलो 11 चं म्हणून शेअर करतात. ते शॉट्स खरं तर अपोलो 4 आणि अपोलो 6 या माणसाविना झालेल्या चाचण्यांचे आहेत. टप्पे नीट वेगळे होतात का, हे इंजिनिअर्सना बघायचं होतं. काम झालं की कॅमेऱ्याची कुपी रॉकेटपासून सुटायची, पॅराशूटने समुद्रात पडायची आणि मग ती शोधून आणायची.

एवढा खटाटोप करून मिळवलेल्या या डेटाचं पुढे काय झालं?

अपोलो 11 च्या चांद्रचालीचं मूळ प्रक्षेपण सेकंदाला 10 फ्रेम्सचं होतं. घरच्या टीव्हीला ते चालत नव्हतं, म्हणून ग्राउंड स्टेशनवर ते बदललं गेलं. बदलताना चित्राचा दर्जा उतरला आणि जगाने तेच धूसर चित्र पाहिलं. चांगलं, मूळ चित्र टेपवर होतं. पुढे नासाने शोध घेतला आणि 2009 मध्ये सांगितलं की त्या टेप्स बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेप्सचा तुटवडा होता म्हणे!

अणुचाचण्यांच्या रिळांवरही जवळपास हीच पाळी आली होती. 1945 ते 1962 या काळात अमेरिकेने वातावरणात 210 चाचण्या केल्या. त्यांच्या सुमारे दहा हजार फिल्म्स डब्यांत पडून होत्या. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या ग्रेग स्प्रिग्ज यांच्या टीमने ते डबे उघडले तेव्हा व्हिनेगरसारखा वास येत होता. हा वास म्हणजे फिल्म कुजायला लागल्याची खूण. त्यांनी हजारो रिळं स्कॅन केली आणि 2017 पासून त्यातली काही यूट्यूबवर आली. पण मुख्य काम होतं पुन्हा मोजण्याचं. जुन्या काळी माणसं एकेक फ्रेम डोळ्यांनी मोजायची. नव्याने मोजल्यावर काही उत्तरं 20 ते 30 टक्क्यांनी चुकलेली निघाली. पाचवा घात आठवला ना? अमेरिकेने 1992 नंतर स्फोट केलेले नाहीत, सगळं सिम्युलेशनवर चालतं. मग तो कोड बरोबर आहे की नाही, हे ताडून बघायला याच फिल्म्स लागतात.

मला मात्र या लॉग फाइलमध्ये नसलेली गोष्ट जास्त टोचते. 1 मार्च 1954, बिकिनी बेट, कॅसल ब्राव्हो. अंदाज होता 6 मेगाटनचा, स्फोट झाला 15 चा. फिल्ममध्ये ढग दिसतो, अगदी देखणा वाटावा असा. पण त्यानंतर काही तासांनी राँगेलाप बेटावरच्या लोकांवर किरणोत्सारी राख पडली. एका जपानी मासेमारी बोटीवरच्या 23 जणांवरही पडली. त्यातला एक जण त्याच वर्षी वारला. स्फोट मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या फ्रेममध्ये ही माणसं नव्हती, कारण त्यांना मोजायचं कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून मूळ डेटा जपायलाच हवा, कारण आज काढलेलं उत्तर उद्या चुकीचं ठरू शकतं. आणि तो जपताना कॅमेरा कुणी लावला होता आणि कशाकडे तोंड करून लावला होता, हेही विचारायला हवं. पुढच्या वेळी तो ढग स्क्रीनवर आला की दोन सेकंद जास्त थांबा.

आजच्यासाठी एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये, तोवर ऐकत राहा!