फाइलमध्ये सापडलेला उंबेक

'अंडरटेल' हा गेम २०१५ मध्ये आला. टोबी फॉक्सने तो जवळपास एकट्याने बनवला, ग्राफिक्स मुद्दाम जुनाट ठेवले, आणि तरीही जगभरातली पोरं आज त्यावर वाद घालतात. त्यातलं सगळ्यात जास्त वादाचं पात्र म्हणजे डब्ल्यू. डी. गॅस्टर. गंमत अशी की तुम्ही गेम सरळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलात तर हा गॅस्टर बहुतेक भेटतच नाही. खेळ सुरू होताना आत एक गुप्त आकडा ठरतो. तो ठरावीक निघाला तर एखाद्या कोपऱ्यात करड्या रंगाचं कुणीतरी उभं दिसतं आणि सांगतं, की आधीचा राजवैज्ञानिक गॅस्टर आपल्याच यंत्रात पडून संपला. बाकीचं लोकांनी गेमच्या फाइल्स उकरून काढलं. एक लपलेली नोंद सापडली, 'नोंद क्रमांक सतरा', तीही विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमधली.

मग थिअऱ्या सुरू झाल्या. गेममधल्या दोन सांगाडे-भावांची नावं सॅन्स आणि पपायरस, म्हणजे फॉन्टचीच. डब्ल्यू. डी. गॅस्टर या नावात 'विंगडिंग्ज' आणि 'एस्टर' हे दोन फॉन्ट दडलेत. म्हणून गॅस्टर हा त्यांचा बाप. किंवा भाऊ. किंवा त्या दोघांपैकीच कुणीतरी एक.

आमच्या भंडारा जिल्ह्याच्या वाट्यालाही असाच एक माणूस आला आहे. तो तेराशे वर्षं जुना आहे, त्याच्यावर थिअऱ्या मांडणारे लोक महामहोपाध्याय होते, आणि त्याचंही दुसरं नाव कथेत नाही, फाइलमध्येच सापडलं. भवभूती.

शाळेत भवभूती म्हणजे एका मार्काचं उत्तर: 'उत्तररामचरित'चा कर्ता. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटकं. काळ आठव्या शतकाची सुरुवात. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'राजतरंगिणी'त तो कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी असल्याचा उल्लेख आहे. हा तोच यशोवर्मा, ज्याला काश्मीरच्या ललितादित्याने हरवलं.

खरं तर भवभूतीला गूढ म्हणणं थोडं अन्यायाचं आहे. कालिदासाने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. भवभूतीने मात्र नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या तोंडून अख्खा बायोडेटा दिलाय. दक्षिणापथातलं पद्मपूर गाव. तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, उदुंबर कुळ. पाच पिढ्यांपूर्वी वाजपेय यज्ञ केलेला पूर्वज. आजोबा भट्टगोपाळ, वडील नीलकंठ, आई जातूकर्णी, गुरू ज्ञाननिधी. आधार कार्डावरसुद्धा इतकं नसतं! तरी लोकांचं समाधान झालं नाही, आणि याला तोही थोडा जबाबदार आहे. नावाच्याच जागी त्याने असा शब्दप्रयोग केला, की 'श्रीकंठ' हे त्याचं नाव आणि 'भवभूती' ही पदवी, की उलट, हे सरळ कळत नाही. जुन्या टीकाकारांनी अर्थ लावला: नाव श्रीकंठ, प्रसिद्धी भवभूती म्हणून. का, तर शंकराच्या अंगावरच्या भस्माबद्दल, म्हणजे 'भव'च्या 'भूती'बद्दल, त्याने एक सुंदर श्लोक लिहिला होता म्हणून. तो श्लोक कोणता? इथे एक नाही, दोन वेगवेगळे श्लोक सांगितले जातात. पदवी एक आणि तिची कारणं दोन असली की मला शंका येते, की कारण मागाहून शोधलं गेलं.

आता पद्मपुराकडे येऊ, कारण आमचा हितसंबंध तिथे आहे.

'मालतीमाधव' घडतं पद्मावती नावाच्या शहरात. नद्यांच्या संगमावरचं ते शहर म्हणजे ग्वाल्हेरजवळचं पवाया. भवभूतीने त्याचं वर्णन इतकं जवळून केलंय, की त्याचं पद्मपूर म्हणजे हेच, असं काहींनी मानलं. पण तो स्वतः 'दक्षिणापथात' म्हणतो, आणि काही हस्तलिखितांत तर त्यापुढे 'विदर्भात' असाही शब्द आहे. रा. गो. भांडारकरांनी १८७६ मध्ये 'मालतीमाधव' संपादित केलं तेव्हा त्यांचा अंदाज चंद्रपूरच्या आसपासचा होता. तैत्तिरीय शाखेची मराठी देशस्थ घरं त्या भागात आहेत, हे त्यांचं एक कारण. नागपूरला आयुष्य घालवलेल्या वा. वि. मिराशींनी मात्र बोट ठेवलं ते आमगावजवळच्या पदमपूरवर. तेव्हा आमगाव भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भवभूती रातोरात जिल्हा बदलून गेला. आमगावच्या कॉलेजचं नावही भवभूती महाविद्यालयच आहे. भंडाऱ्याचे लोक मोठ्या मनाचे, आम्ही अजूनही त्याला आमचाच म्हणतो.

नुसत्या नावावर विसंबून मी ही थिअरी मानली नसती. पद्म म्हणजे कमळ आणि आमच्याकडे तर तलावच तलाव. अशा मुलखात पदमपूर नावाची चार गावं सहज निघतील. पण मिराशींच्या हातात दुसरी एक वस्तू होती: दुर्ग जिल्ह्यात सापडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट. तो सुरू होतो 'पद्मपुराहून' असं सांगत, आणि देणाऱ्या राजाचं नाव येण्याआधीच मजकूर थांबतो, अर्धवट कॉपी झालेल्या फाइलसारखा. म्हणजे भवभूतीच्या दोनेकशे वर्षं आधी या टापूत पद्मपूर नावाचं राजघराण्याच्या वस्तीचं गाव होतं. ताम्रपट कोरणाऱ्याला भवभूती माहीत असणं शक्यच नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

मिराशींचा आणखी एक तर्क मला याहून आवडतो. भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं प्रस्तावनांत आहे. (झाडीपट्टीतल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक हे आपल्याकडे आजही चालतं. नटांशी आपली स्वभावतःच मैत्री आहे, असंही भवभूतीने नोंदवलंय.) हा कालप्रिय म्हणजे उज्जैनचा महाकाल, असं बरेच जण धरून चालले होते. मिराशींनी राष्ट्रकूटांचा खंबायतचा ताम्रपट काढला. त्यात इंद्र तिसरा याच्या उत्तरेच्या स्वारीचं वर्णन आहे: त्याच्या हत्तींनी कालप्रियाचं अंगण दातांनी खणलं, मग सैन्याने यमुना ओलांडली आणि कनौज उद्ध्वस्त केलं. उज्जैनला कुठली यमुना? म्हणजे कालप्रिय हवा यमुनेकाठी, कनौजच्या वाटेवर. तिथे आहे काल्पी. एका राजाच्या बढाईतून मंदिराचा पत्ता निघाला, आणि यशोवर्म्याच्या कनौजशी धागाही जुळला.

इथवर सगळं 'कुठे' याबद्दल झालं. 'कोण' याबद्दलचा खरा स्फोट १८८७ चा. शंकर पांडुरंग पंडित हे 'गउडवहो' या प्राकृत काव्याची आवृत्ती काढत होते. त्या काव्याचा कवी वाक्पतिराज हाही यशोवर्म्याच्याच दरबारातला, त्यामुळे प्रस्तावनेत भवभूतीचा विषय ओघाने आला. पंडितांनी तिथे इंदूरकडच्या 'मालतीमाधव'च्या एका जुन्या हस्तलिखिताची माहिती दिली. प्रत्येक अंक संपला की लेखनिक एक ओळ लिहितो: अमक्याने रचलेल्या नाटकाचा अमका अंक संपला. ती ओळ कुणी वाचत नाही. कोडमधल्या कॉमेंटसारखी ती पडून असते. या हस्तलिखितात तिसऱ्या अंकाच्या शेवटी कर्ता म्हणून लिहिलंय 'कुमारिल भट्टांचा शिष्य'. सहाव्याच्या शेवटी, कुमारिलांच्या कृपेने ज्याला वाणीचं वैभव मिळालं तो 'उंबेकाचार्य'. आणि दहाव्याच्या शेवटी नेहमीप्रमाणे भवभूती.

उंबेक हा काही हवेतला माणूस नाही. कुमारिल भट्ट म्हणजे मीमांसेतलं सर्वांत मोठं नाव. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा, याचं शास्त्र ते मीमांसा. कुमारिलांच्या 'श्लोकवार्तिका'वर उंबेकाची 'तात्पर्यटीका' आहे. भवभूती स्वतःला व्याकरण, मीमांसा आणि न्याय जाणणारा म्हणवतो. काळही जुळतो.

माझं रोजचं काम बॅकएंडचं. दोन टेबलांतल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवणारा कोड लिहिणं हा त्यातला एक भाग. त्यात शिकलेली पहिली गोष्ट अशी, की एका खुणेवर नोंदी एकत्र करायच्या नाहीत. एका लेखनिकाने लिहिलेल्या दोन ओळी म्हणजे एकच खूण. त्याने कुठेतरी ऐकलेलं खपवलं असेल, पानं दुसऱ्या प्रतीवरून उतरवली असतील. पण इथे दुसरी खूण निघते. चित्सुखाचार्यांच्या 'तत्त्वप्रदीपिके'वर 'नयनप्रसादिनी' नावाची टीका आहे, वेदान्ताचा रुक्ष ग्रंथ. तिचा कर्ता सहज जाता जाता सांगतो, की भवभूती म्हणजे उंबेक. त्याला नाटकाशी काही देणंघेणं नाही.

आणि तिसरी खूण वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो होतो. 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत भवभूतीचा सगळ्यात प्रसिद्ध श्लोक आहे. आशय असा: आम्हाला तुच्छ लेखणाऱ्यांनो, हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, माझ्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्मेल, किंवा आत्ताही कुठेतरी असेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. मान न मिळालेल्या प्रत्येक कवीने हा श्लोक तेव्हापासून उशाला घेतलाय. उंबेकाची 'तात्पर्यटीका' १९४० मध्ये मद्रासला छापून निघाली. तिच्या आरंभी हाच श्लोक आहे.

म्हणजे ही तक्रार एका उपेक्षित नाटककाराची, की एका चिडलेल्या मीमांसकाची? एकच माणूस दोन्हीकडे तीच ओळ वापरतोय, की उंबेकाने दुसऱ्याची आवडती ओळ स्वतःच्या ग्रंथाच्या दारावर लावली, जशी आपण लावतो? मला एकच माणूस असण्याकडे झुकावंसं वाटतं. अडचण आहे ती ज्ञाननिधीची. जो माणूस पाच पिढ्या मोजतो, तो गुरू म्हणून कुमारिलांचं नाव सांगायचं विसरेल? ज्ञाननिधी ही कुमारिलांचीच पदवी, असं म्हणून ही अडचण उडवून लावता येते, पण ते फॅनचं लक्षण. आवडत्या थिअरीला नडणारा पुरावा दिसला, की त्याचंच दुसरं नाव ठेवायचं.

या खेळाची हाव किती असते ते पुढे दिसतं. माधवाच्या 'शंकरदिग्विजया'त मंडनमिश्राला लोक उंबेक म्हणतात, असं आहे. हा मंडन म्हणजे शंकराचार्यांशी वाद घालून हरलेला आणि संन्यास घेऊन सुरेश्वर झालेला. त्यालाच विश्वरूपही म्हणतात. आता जोडा साखळी: भवभूती म्हणजे उंबेक, उंबेक म्हणजे मंडन, मंडन म्हणजे विश्वरूप, विश्वरूप म्हणजे सुरेश्वर. आमच्या पदमपूरचा पोरगा शृंगेरीच्या पीठावर जाऊन बसला! पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त या नावांचा गुंता पानोपानी तपासला आहे, आणि त्यांच्यासारख्या माणसालाही इतकी पानं लागली, यातच काय ते आलं. साखळीचा एक दुवा मात्र सहज तुटतो. मंडनमिश्राच्या 'भावनाविवेक' या ग्रंथावर उंबेकाची टीका आहे आणि ती टीका मूळ ग्रंथातल्या पाठभेदांचीही चर्चा करते. स्वतःच्याच पुस्तकात नेमकं काय लिहिलंय, यावर दोन पर्याय सुचवणारा लेखक अजून मला भेटलेला नाही. चुकीने वेगळ्या राहिलेल्या दोन नोंदी पुढे कधीही जोडता येतात. चुकीने जोडल्या, तर त्यातला एक माणूस नाहीसा होतो.

लोकांना जोडायलाच आवडतं, हेही खरं. सोळाव्या शतकातल्या बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त कालिदास, बाण आणि भवभूती तिघंही अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या दरबारात बसलेले आहेत, पक्का क्रॉसओव्हर. तोंडोतोंडी चालत आलेली एक गोष्ट तर फारच गोड आहे. भवभूतीने 'उत्तररामचरित' कालिदासाला ऐकवायला पाठवलं. खेळात गुंतलेल्या कालिदासाने सगळं ऐकून एवढंच सांगितलं, की एका ठिकाणी अनुस्वार जास्त झालाय. राम-सीता रात्रभर गालाला गाल लावून बोलत राहतात, त्या श्लोकात. 'एवं' म्हटलं तर 'अशी रात्र संपली'. 'एव' केलं तर 'रात्रच संपली', बोलणं नाही. दोघांमध्ये तीनशे वर्षांचं अंतर आहे, गोष्ट खोटी आहे, आणि तरी ती दुरुस्ती इतकी अचूक आहे की ज्या कुणी निनावी वाचकाने ती केली, त्याची ओळख मला भवभूतीपेक्षाही जास्त हवीय.

एक खूण मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती पुरावा नाही. 'महावीरचरिता'ची हस्तलिखितं पाचव्या अंकाच्या ४६ व्या श्लोकापर्यंत एकसारखी चालतात आणि मग फुटतात. पुढचा भाग एकीकडे विनायक नावाच्या कुणी पुरा केला, दक्षिणेत सुब्रह्मण्य नावाच्या कुणी. उंबेकाची 'तात्पर्यटीका'ही स्फोटवादापर्यंत येते आणि थांबते. पुढची टीका जयमिश्राची आहे.