माल गोदामात, पण हिशेबात नाही : व्यवसायांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचा इतिहास #थ्रेड

१/ सन १९९९. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीकडे माल होता, दुकानांची मागणीही होती. तरीही हॅलोवीनच्या ऐन हंगामात सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या ती पुरवू शकली नाही. याचे कारण समजण्यासाठी तीन दशके मागे जावे लागते.

२/ १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांत संगणक आले; पण खरेदी, गोदाम, वेतन, लेखा अशा प्रत्येक विभागाचा हिशेब स्वतंत्र राहिला. पंचकार्डांवरील नोंदी साठवून रात्री एकगठ्ठा चालवल्या जात. सकाळी आलेल्या मालाची वार्ता लेखा विभागास उशिरा पोहोचे. या कानाची खबर त्या कानाला नसे.

३/ १९७० मध्ये आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी माहितीचे रिलेशनल प्रतिमान मांडले. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवावी आणि अनेकांनी तीच वापरावी, हा त्याचा गाभा. तीच बाब दहा ठिकाणी लिहिली, की त्यांतील एखादी चुकीची राहणारच.

४/ १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापन केली : डीटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलेनरॉयथर. पहिला ग्राहक आयसीआयचा नायलॉन कारखाना. नवख्या कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. काम ग्राहकाच्याच यंत्रावर चाले.

५/ १९७५ च्या सुमारास त्यांनी खरेदी, साठा आणि बिलांची पडताळणी लेखांकनाशी जोडली. माल आल्याची नोंद एकदा झाली, की साठा वाढे आणि तिचे मूल्य थेट खात्यात उतरे. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ घालण्यासाठी महिनाअखेरीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

६/ पुढे १९७९ मध्ये मेनफ्रेमसाठी आर/२ आणि १९९२ मध्ये क्लायंट-सर्व्हर रचनेवरील आर/३ आले. या नावांतील ‘आर’ म्हणजे ‘रिअल टाइम’, अर्थात तत्काळ.

७/ हर्शीने आर/३ सोबत सीबेल आणि मॅन्युजिस्टिक्स यांची सॉफ्टवेअरही घेतली. खर्च सुमारे ११.२ कोटी डॉलर. वाय-टू-केचे संकट समोर असल्याने चार वर्षांचे काम ३० महिन्यांत उरकण्याचे ठरले. प्रणाली सुरू झाली ती जुलैमध्ये, म्हणजे हंगामाच्या मागण्या येऊ लागतात त्याच वेळी.

८/ नंतरच्या विश्लेषणांत एक कारण ठळकपणे पुढे आले. हंगामात जादा माल ठेवण्याच्या काही जागा अनुभवी कर्मचाऱ्यांना ठाऊक होत्या. प्रणालीत मात्र त्यांची साठ्याची जागा म्हणून नोंद नव्हती. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण येथे उलटी ठरली : आडात होते, तरी पोहऱ्यात आले नाही. त्या तिमाहीत कंपनीचा नफा सुमारे १९ टक्क्यांनी घटला.

९/ जुन्या व्यवस्थेतील कितीतरी माहिती वहीत वा यंत्रात नव्हे, तर माणसांच्या स्मरणात होती. तीन प्रणाली जोडताना ती विचारून घेण्यास पुरेसा वेळ ठेवला गेला नाही. २००२ मध्ये हर्शीने सॅपचीच पुढील आवृत्ती यशस्वीपणे बसवली. म्हणजे १९९९ चा दोष केवळ सॉफ्टवेअरचा नव्हता. घाईचा आणि अपुऱ्या नोंदींचाही होता.