काजळीची चामखीळ: लंडनच्या धुराड्यांतला कॅन्सर

आपल्याकडे म्हण आहे, ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’. ऐकून हसू येतं, पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. दुखणं जितकं अवघड जागी, तितकं माणूस ते लपवतो. आज अशाच एका दुखण्याचा इतिहास ऐकूया. जागा आहे अंडकोश, म्हणजे वृषणं ज्या पिशवीत असतात ती. शहर लंडन, साल १७७५.

तेव्हा लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जळायचा. धुराडी इतकी अरुंद, की मोठा माणूस आत शिरूच शकत नाही. मग काजळी खरवडायला कोण? पाच-सहा वर्षांची पोरं. बहुतेक गरिबाघरची किंवा अनाथ. कपडे अडकतात म्हणून कितीदा तर उघडीच वर चढायची. रात्री झोपायची काजळीच्याच पोत्यांवर. अंघोळ क्वचितच.

या पोरांपैकी काहींना पुढे मोठेपणी अंडकोशाच्या खालच्या बाजूला एक खरबरीत फोड यायचा. धुराडी साफ करणारे त्याला ‘काजळीची चामखीळ’ म्हणायचे. डॉक्टर मात्र जागा बघूनच ठरवून टाकायचे: हा गुप्तरोग! म्हणजे याचं चालचलन वाईट. मग पाऱ्याची औषधं द्यायची. त्यानं फोड बरा व्हायचा नाहीच, वर बदनामी व्हायची ती वेगळीच.

इथे येतात सर्जन पर्सिव्हल पॉट. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधले. त्यांनी रोग्याच्या चारित्र्यापेक्षा त्याच्या कामाकडे पाहिलं. १७७५ साली त्यांनी लिहून ठेवलं, की हा गुप्तरोग नाही. अंडकोशाच्या कातडीच्या सुरकुत्यांमध्ये काजळी साचून राहते, त्यातून हा कॅन्सर होतो. फोड लवकर कापून काढला तर माणूस वाचू शकतो. रोग वृषणापर्यंत पोचला, की फारशी आशा नाही. आणि लक्षात घ्या, तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती! एखाद्या कामामुळे कॅन्सर होतो, हे दाखवणारी ही पहिली मोठी नोंद मानली जाते.

आता तुम्ही म्हणाल, कारण कळलं, म्हणजे प्रश्न सुटला. कुठला सुटतोय! १७८८ मध्ये कायदा आला: आठ वर्षांखालची मुलं कामाला ठेवायची नाहीत. १८४० मध्ये दुसरा आला: २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायचं नाही. दोन्ही कागदावरच राहिले, कारण पाळतंय कोण हे बघायला कुणी नव्हतं. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे पोलिसांकडून परवाना घेणं सक्तीचं झालं आणि ही प्रथा थांबली. पॉटनी लिहिल्यापासून बरोब्बर शंभर वर्षांनी.

रोग मात्र लगेच गेला नाही. १८९२ मध्ये त्याच हॉस्पिटलचे हेन्री बटलिन यांनी तुलना केली. युरोपातल्या इतर देशांतले कामगार अंग झाकणारे कपडे घालायचे, रोज अंघोळ करायचे. त्यांच्यात हा कॅन्सर क्वचितच दिसायचा. म्हणजे उपाय काय, तर कपडे, पाणी आणि साबण!

काजळीतला गुन्हेगार सापडायला अजून वेळ लागला. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कॅन्सर निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून बेंझोपायरिन हे रसायन वेगळं काढलं. हेच रसायन सिगारेटच्या धुरातही असतं बरं का.

धुराड्यांतली पोरं गेली, पण ‘गुप्त’ हा शब्द काही गेला नाही. आजही भिंतींवरच्या, लोकलमधल्या जाहिराती त्याच शब्दावर धंदा करतात. पॉटनी पाहिलेला कॅन्सर कातडीचा होता, आणि तो आता दुर्मीळ आहे. खुद्द वृषणाचा कॅन्सर वेगळा. तो साधारण १५ ते ३५ या वयात, म्हणजे तुमच्याच वयात, जास्त दिसतो. सुरुवातीला बहुतेकदा फक्त गाठ लागते, दुखत नाही. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. म्हणून अंघोळ करताना गाठ, सूज किंवा जडपणा जाणवला, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणत बसू नका. सरळ युरोलॉजिस्टकडे जा. तो चालचलन तपासत नाही, गाठ तपासतो.

एपिसोड आवडला तर मित्राला पाठवा. जो असल्या विषयावर नुसताच हसतो ना, त्याला तर आधी पाठवा.